सांगकाम्याच्या चर्चापानावर

२० जानेवारी

आणि तेवढ्यात ‘प्रकाशित करा’वर बोट पडलं. अर्धंच वाक्य गेलं. वर तसंच दिसतंय: ‘पार्थ, कडूबा पेंटर दारात उभा आहे आणि’. खोडता येतं का मला माहीत नाही. राहू दे. पुढचं इथून लिहिते.

कडूबा विचारतो आहे, तुझ्या खोलीला रंग कोणता द्यायचा. पांढरा की फिका निळा. तू एक शब्द लिहिलास तरी पुरे.

तुझा जुना नंबर लागत नाही. दिवाळीत स्वराच्या भाऊबीजेच्या मेसेजला ज्या नंबरावरून ‘ठीक आहे’ आलं, तोही आता अस्तित्वात नाही असं ती फोनमधली बाई सांगते. पत्ता नाही. म्हणून इथं. यादीच्या पानाला ‘इतिहास’ असतो आणि त्यात रोज एकच नाव असतं, ‘सांगकाम्या पार्थ’. काल त्या नावावर बोट ठेवलं तर दुसरं पान उघडलं. वर ‘चर्चा’ असं होतं. आत काहीच नव्हतं. दोन वर्षांत इथं कुणी अक्षर लिहिलेलं नाही.

विकीवर आपोआप काम करणाऱ्या खात्याला सांगकाम्या म्हणतात, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसले होते. आपल्या घरात तो शब्द शिवीसारखा वापरतात. तू म्हणालास, "आई, हा माझ्यापेक्षा बरा आहे. सांगितलेलं करतो आणि उलट बोलत नाही."

यादी मी रोज बघते. जालना जिल्ह्यावरचे असे लेख, ज्यांना एकही संदर्भ जोडलेला नाही. गावं, शाळा, दर्गे, देवळं, माणसं. कुणी पुस्तकाचा किंवा वर्तमानपत्राचा दाखला जोडला की दुसऱ्या दिवशी ते नाव गेलेलं असतं. नवा लेख दाखल्याशिवाय आला की नाव येतं. त्यातलं फार काही मला कळत नाही. पण चहा उकळेपर्यंत यादी बदललेली असते, आणि ती बदलली की मला कळतं, तू उठलास, खुर्चीत बसलास, बटण दाबलंस. मला तेवढं पुरतं.

बाबा यादी बघत नाहीत. ते बरे आहेत.

रंगाचं कळव. कडूबाला थांबवून ठेवलं आहे.

आई


२१ जानेवारी

यादी आज हलली नाही.

कधी उशीर होतो. गेल्या पावसाळ्यात एक दिवस झालीच नव्हती, दुसऱ्या दिवशी झाली. मी तेव्हा काही लिहिलं नव्हतं.

आंघोळ करून पाहिलं. भाजी फोडणीला टाकून पाहिलं. जेवणं झाल्यावर पाहिलं. पान बोटानं खाली ओढलं की एक गोल फिरतो आणि तेच पान पुन्हा येतं, कालच्या तारखेचं. आपलं नेट गेलं असेल म्हणून स्वराला पुण्यात बघायला सांगितलं. तिनं बघितलं.

"तेच आहे गं. तुला काय करायचंय त्याचं?"

"काही नाही. सहज."

"सहज तीनदा फोन केलास?"

रंगाचा प्रश्न अवघड वाटत असेल तर सोड. पांढराच देते.

आई


२३ जानेवारी

काल नाही. आज नाही.

ताप असेल. तुला ताप आला की तू कुणाला सांगत नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडतोस. शेजारी कुणी आहे का? त्याला तुझं नाव माहीत आहे का? हे सगळं इथं लिहू नये हे मला कळतं. हे पान रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येतं. पण दुसरं दार नाही.

कडूबा आलेला नाही. खोलीला रंग द्यायचा नाही. एका शब्दात उत्तर देता येईल असा एक प्रश्न हवा होता, म्हणून तो लिहिला.

बाबा यादी बघत नाहीत हेही खरं नाही. सकाळी गॅलरीत उभे राहून बघतात. पाठ माझ्याकडे असते. वर्तमानपत्र उघडून धरतात आणि फोन त्याच्या आत असतो. मान मागे घेतात, डोळे बारीक करतात, मग चष्म्यासाठी खिसे चाचपतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. ते आत येईपर्यंत मी गॅलरीकडे झाडू घेऊन जात नाही. आता परवापासून ते दिवसभर गॅलरीत जाऊन-येऊन आहेत.

"काय बघताय?" मी विचारलं.

"कोण कुठं गाडी लावतंय ते."

"मग?"

"सगळे चुकीच्याच जागी लावतात."

मला घरात बसवत नाही. उठते, फोन उचलते, ठेवते. ठेवलेला फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. मग तिकडे जाते.

फक्त एकदा ते बटण दाब. लिहू नकोस. दाब.

आई


२५ जानेवारी

माझ्या पत्राखाली काल साहेबराव नावाच्या सदस्यांनी लिहिलं आहे: ‘ताई, नमस्कार. हे चर्चापान सांगकाम्याच्या कामाविषयीच्या सूचनांसाठी आहे. कृपया इथे घरगुती मजकूर लिहू नये. तसेच यादी काही दिवस अद्ययावत झालेली नाही, याकडे चालकाने लक्ष द्यावे.’

मी त्यांना लिहिलं, ‘साहेबराव, नमस्कार. चालकाने लक्ष द्यावे, हेच मीही लिहिते आहे.’

त्यांनी उत्तरादाखल एक हसरा चेहरा ठेवला आहे. माणूस बरा असावा.

मग संध्याकाळी मी आमेरकडे गेले. तुमचं दोघांचं हे विकीचं वेड एकाच वेळी सुरू झालं होतं, त्याला कळेल असं वाटलं. तो अजून एमआयडीसीतच आहे, बियाण्यांच्या प्लांटच्या ऑफिसात. नुकताच मोटारसायकलवरून उतरला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच.

"काकू, बसा न. उभ्या काहून?"

मी फोन पुढे केला. "हे बघ. सोमवारनंतर काही नाही. त्याला काहीतरी झालंय."

त्यानं हेल्मेट काढलं. यादी पाहिली. इतिहास पाहिला. मग हे पान उघडलं आणि वाचायला लागला. मी पायाच्या बोटांकडे बघत उभी राहिले. वाचता वाचता तो हसला, मग हसायचा थांबला.

"काकू, त्याला काही न्हाई झालेलं. तुम्हीच बंद पाडलं हे."

"मी?"

"सोमवारी तुम्ही इथं लिहिलं न. त्यानं स्क्रिप्टात लिहून ठेवल्तं, चर्चापानावर नवं काही आलं की थांबायचं. कुणाची तक्रार असंल आन मशीन चुकीचंच करत राह्यलं तर? म्हणून. आता तो सांगकाम्याच्या नावानं आत येऊन तुमचं लिहिलेलं उघडत न्हाई, तोपर्यंत ते हलणार न्हाई. बिलकुल न्हाई."

"म्हणजे त्यानं वाचलेलं नाही."

"न्हाई."

"एकही नाही?"

"एक उघडलं असतं तरी चालू झालं असतं."

मी म्हणाले, "पण मग रोज सकाळी तो बटण दाबतो, तेव्हा त्याला दिसलं नाही का?"

"बटण?"

मग त्यानं सांगितलं. बटण नसतं. स्क्रिप्ट, म्हणजे सांगकाम्याला लिहून दिलेले हुकूम, दूर कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवलेली असते आणि तिला वेळ लावून दिलेली असते. त्या वेळेला ती आपली आपण उठते. जिल्ह्याचे सगळे लेख चाळते, संदर्भ नसलेले वेगळे काढते, जुनी यादी पुसून नवी लिहिते आणि पडून राहते. तू झोपलेला असलास तरी. तू प्रवासात असलास तरी.

"त्याचं काही काम पडत न्हाई, काकू. तो असो-नसो," आमेर म्हणाला, आणि जीभ चावली.

कमरबी चहा घेऊन आली होती. तिनं शेवटचं तेवढं ऐकलं.

"भाभी, ह्या माझ्याला बघा. रोज समोर बसून जेवतो, पण एक लफ्ज तोंडातून निघंल तर शप्पथ. तुमचा निदान दूर बसून यादी तरी लिहायचा."

"तो लिहीत नव्हता, कमरबी. मशीन लिहीत होतं."

तिनं आमेरकडे मान वळवली. "मंग हे तर मशीनपेक्षाही गेलं."

आमेर म्हणाला, "अम्मी, चहा दे न."

मी चहा घेतला. घरी आले. दोन वर्षं रोज सकाळी मी तुला उठवत होते, खुर्चीत बसवत होते. त्या खुर्चीत कुणी नव्हतं.

आई


२७ जानेवारी

काल दिवसभर लिहिलं नाही. आज लिहिते, कारण आता गोष्ट उलटी झाली आहे. यादी रोज बदलत होती त्यात तू नव्हतास. ती थांबली आहे, त्यात आहेस. ती पुन्हा हलली तर तू इथं आला होतास असा त्याचा अर्थ होईल. दुसरा अर्थ निघणार नाही. असं एकही चिन्ह ह्या दोन वर्षांत माझ्याकडे नव्हतं.

आणि आता चहा उकळतो आणि काही होत नाही.

सकाळी भाजी आणायला म्हणून निघाले आणि जालन्याच्या स्टेशनवर जाऊन बसले. फलाट तिकीट काढलं. दोन गाड्या आल्या, एक मुंबईकडे गेली, एक उलट्या बाजूला. तू कुठल्या बाजूला आहेस हेही मला माहीत नाही, म्हणून दोन्हींकडे पाहिलं. उतरलेली माणसं ऑटोवाल्यांशी भांडत बाहेर गेली. मी भाजी न घेता परत आले. बाबांनी रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

"मिळाली नाही?"

"नाही."

"जालन्यात भाजी मिळाली नाही," ते म्हणाले.

आमेरनं परवा विचारलं, "काकू, झालं तरी काय होतं? पार्थ मला एवढंच म्हणाल्ता, नियमावरून झालं." तू त्याला खोटं सांगितलं नाहीस. साहेबरावांना आता माझ्या घरगुती मजकुराची सवय झाली असेल, म्हणून इथंच लिहिते. तुला ठाऊक आहे. पण तुला ठाऊक असलेलं आणि मी ऐकलेलं एकच आहे का, ते तू पाहा.

आजोबांवरचा लेख बाबांनी सांगितला आणि तू टाइप केलास. टेंभुर्णीची शाळा, मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून चालत जाणं. बाबा येरझाऱ्या घालत सांगायचे आणि तू म्हणायचास, "हळू, बाबा." मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. ह्या घरात तुम्ही दोघं इतका वेळ एकमेकांशी कधी बोलला नव्हता.

लेख झाला आणि दुसऱ्या सकाळी यादीत आजोबांचं नाव आलं.

"त्यांचं नाव त्या यादीतून काढ," बाबा म्हणाले.

"संदर्भ द्या. आपोआप निघंल."

"मी त्यांचा मुलगा आहे. मीच संदर्भ."

"मुलगा संदर्भ होत नसतो, बाबा."

"एका माणसासाठी एक ओळ घालता येत नाही तुझ्या त्या स्क्रिप्टात?"

"येते. घालणार न्हाई."

बाबा टेंभुर्णीला दोनदा जाऊन आले. शाळेचं जुनं दप्तर वाळवीनं खाल्लेलं होतं. छापलेलं काहीच मिळालं नाही. मग केव्हातरी कुणीतरी तो लेख काढून टाकला. तू काढला नव्हतास, दुसऱ्या कुणी, नियमानं. तो फरक बाबांना कळला नाही. की कळला आणि चालला नाही, मला माहीत नाही. ते म्हणाले, "मुलगा संदर्भ होत नसंल, तर तूही माझा होऊ नको."

तू बॅग भरलीस. पोळ्या झालेल्या होत्या.

मला तेव्हा वाटलं, चार दिवस.

आई


३० जानेवारी

आमेरनं दाखवलं म्हणून कळलं. दुसऱ्या एका पानावर, जिथं सगळे सदस्य कामाचं बोलतात, तिथं साहेबरावांनी प्रस्ताव मांडला आहे: यादी अडली आहे. तिच्यावरून संदर्भ शोधणारे लोक खोळंबले आहेत. चालकाचा पत्ता नाही. तेव्हा हीच स्क्रिप्ट आमेर यांनी आपल्या नावाने चालवावी आणि ‘सांगकाम्या पार्थ’ हे खाते बंद करावे. आठ-दहा जणांनी खाली होकार दिला आहे. रविवार दुपारपर्यंत वाट पाहायची, असं ठरलं.

मी पुन्हा आमेरकडे. कमरबी म्हणाली, "भाभी, आता इथंच राहायला या."

"तू चालवणार?" मी त्याला विचारलं.

"काकू, लोक थांबून राह्यले. भोकरदनकडचे एक मास्तर रोज यादी बघून पोरांना काम वाटून देतात, त्यांचे मला फोन येऊन राह्यले. पार्थनं सगळं उघडं ठेवल्तं, कुणीबी घेऊन चालवावं म्हणून. मी न्हाई चालवलं तर साहेबराव चालवतील."

"आणि हे पान?"

"पान राहील. तुमची पत्रं पण राहतील, त्याला कुणी हात लावत न्हाई." त्यानं फोन खाली ठेवला. "पण मंग त्याला इथं यायचं काही कारण उरणार न्हाई. आता कधीतरी त्याच्या ध्यानात येईल, आपली यादी बंद पडली, बघू काय झालं. दुसरी चालू झाल्यावर तो कशाला बघंल?"

"थोडं थांब."

"रविवार दुपार. त्याच्या आत तो आला तर प्रश्नच न्हाई. त्याच्यापुढं माझ्या हातात न्हाई, काकू. बराबर आहे न?"

बराबर होतं. मी हो म्हणाले.

घरी आले तर बाबा गॅलरीत. पाठ तशीच.

"यादी बंद आहे," ते म्हणाले. "आमेरला सांग, चालू करायला."

"कुठली यादी?"

"तू बघतेस ती."

मी आत गेले. कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. बाबा ‘इतिहास’ उघडत नाहीत, त्यांना ते जमत नसावं. त्यांना फक्त यादी दिसते. सोमवारी आमेरची स्क्रिप्ट धावेल, नावं वर-खाली होतील, आणि ते मान मागे घेऊन बघतील आणि समजतील, तू उठलास. मी समजत होते तसंच. मी गप्प बसले की झालं. त्यांच्या सकाळी त्यांना परत मिळतील.

आणि सांगितलं, की तिथं कधीच कुणी नव्हतं, तर गॅलरीत जाऊन ते काय करतील?

मला ठरवता येत नाही. तू ठरव. रविवार दुपारच्या आत ये. चालू कर किंवा तुझ्या हातानं बंद कर. पण तू कर.

आई


१ फेब्रुवारी

सांगितलं.

दुपारी आम्ही हिरवा हरभरा सोलत बसलो होतो. त्यांच्या हातात काहीतरी असेल तेव्हा सांगायचं असं मी ठरवलं होतं.

"तो रोज बटण दाबत नव्हता," मी म्हणाले. "ते मशीन आहे. वेळ लावलेली असते. त्याचा काही संबंध नाही."

"ठाऊक आहे."

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "यादी आपोआप व्हायची. पार्थ तिथं नसायचाच."

"ठाऊक आहे म्हटलं ना."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. माणूस रोज सकाळी त्याच वेळेला उठतो का? आणि पार्थ?" त्यांनी एक घाटा दातांनी फोडला. "तो परीक्षेला उठला नाही कधी."

"मग दोन वर्षं गॅलरीत काय बघत होता?"

ते सोलत राहिले. दाणे वाटीत टाकायचे सोडून सालींत टाकत होते. मी ते वेचले.

"मी उपसा सिंचन योजनेवर होतो तेव्हा पंप घड्याळावर चालायचे," ते म्हणाले. "वेळ लावून ऑपरेटर आपल्या घरी. कालव्याला पाणी आलं म्हणजे माणूस पंपाशी उभा आहे, असं नसतं. पण कुणी येऊन बंद केलेलं नाही, एवढं कळतं."

मग म्हणाले, "त्यानं बंद केलेलं नव्हतं."

मला त्यांचा राग आला होता. दोन वर्षं एका घरात, एकच पान, आणि दोघांनी एकमेकांपासून लपवलेलं. मी समजत होते ते चुकीचं आणि त्यांचं बरोबर.

"आणि आता बंद पडलं ते तुझ्यामुळं," ते म्हणाले.

"तुम्ही वाचलंत?"

"सगळं गाव वाचतंय."

"रंगाचं पण?"

"निळा नको. खोली आणखी लहान दिसंल."

हे ते हसून म्हणाले नाहीत. खोलीच्या दाराकडे बघून म्हणाले.

मग सालींचा कागद गुंडाळला, हात पुसले, आणि म्हणाले, "फोन आण. मी सांगतो ते लिही. तसंच्या तसं. मधे काही घालू नको." आणि उभे राहून, येरझाऱ्या घालत, कार्यालयात टिपण सांगतात तसं सांगितलं.

मी म्हणाले, "हळू."

ते थांबले. मग हळू सांगितलं. ते असं:

‘सांगकाम्या पार्थ. विषय: संदर्भ नसलेल्या लेखांची यादी. यादीचा नियम आहे तो राहू द्यावा. एका माणसासाठी बदलू नये. गिरिधर.’

"एवढंच?"

"एवढंच."

"वर ‘चि.’ लिहू?"

"कामाच्या टिपणात ‘चि.’ कशाला?" ते आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मग आतूनच म्हणाले, "लिही. पाहिजे तर."

म्हणून ते असं वाचावं:

‘चि. पार्थ. विषय: संदर्भ नसलेल्या लेखांची यादी. यादीचा नियम आहे तो राहू द्यावा. एका माणसासाठी बदलू नये. गिरिधर.’

उद्या दुपारी आमेर त्याचं सुरू करेल. बाबांनी त्याला थांबवायला सांगितलं नाही. म्हणाले, लोकांचं काम अडवून ठेवता येत नाही.

मला आणखी काही लिहायचं होतं. मघाशी होतं. आता बसवत नाही.

आई


२ फेब्रुवारी, सकाळ

हे वहीच्या कागदावर लिहिते आहे. त्या पानावर लिहिलं तर सांगकाम्या पुन्हा थांबेल.

आज यादी बदलली. चहा ठेवायच्या आधीच. मी इतिहास उघडला. नाव होतं ‘सांगकाम्या पार्थ’. पुढे नेहमीचेच दोन शब्द, ‘यादी अद्ययावत’.

आमेरला फोन केला. तो झोपेत होता. "मी न्हाई केलं काकू, अम्मीची शप्पथ. माझं तर अजून सुरूच न्हाई." मग त्यानं उठून पाहिलं असावं. "त्यानं उघडलं," म्हणाला. "उघडल्याबिगर ते हलतच न्हाई. मी साहेबरावांना कळवतो, आता आपली गरज न्हाई म्हणून."

चर्चापान पाहिलं. माझ्या पत्रांखाली, बाबांच्या टिपणाखाली, काही लिहिलेलं नाही.

बाबांनी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. माझ्यासमोर, खुर्चीत बसून. "बरंच साचलं होतं," म्हणाले. मग विचारलं, "उत्तर?"

"नाही."

"पुन्हा लिहायचं?"

"लिहिलं की थांबेल. मग त्याला परत यावं लागेल."

ते फोन हातात धरून बसले. पान बोटानं खाली ओढलं. गोल फिरला, तेच पान आलं, आजच्या तारखेचं.

"आज नको," ते म्हणाले.

आम्ही लिहिलं नाही.